जिन्याचं रेलिंग आणि माझी इंग्रजी

मी मराठी माध्यमात शिकलो याचा मला अभिमान आहे, असं मी चारचौघांत सांगतो. हा अभिमान समोरचा माणूस इंग्रजीत बोलायला लागेपर्यंत टिकतो. त्यानंतर मी नुसती मान हलवतो. नोकरीच्या पंचवीस वर्षांत मी इतकी मान हलवली आहे की एखाद्या नंदीबैलाने माझ्याकडे शिकवणी लावावी.

या मान हलवण्याने एकदा घात केला. अंधेरीला आमचं विम्याच्या दाव्यांचं ऑफिस आहे. तिथे माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेली आमची टीम लीडर मीटिंगमध्ये म्हणाली की नवी पद्धत सुरू झाली की ती जुना फॉर्म ऑब्विएट करेल. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. शब्दात कुठेतरी ‘ऑब्व्हियस’ ऐकू आलं, तेव्हा जुना फॉर्म ठळक दिसला पाहिजे असा अर्थ मी काढला आणि तीन दिवस खपून त्याची मोठ्या अक्षरांतली नवी आवृत्ती तयार केली. दोन गठ्ठे छापूनही घेतले. तिने ते गठ्ठे पाहिले. ऑब्विएट म्हणजे एखाद्या गोष्टीची गरजच उरू न देणं, हे तिने मला हळू आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने समजावलं. ती ओरडली असती तर मी दोन दिवसांत विसरलो असतो. तिने मला सांभाळून घेतलं, ते मात्र जिव्हारी लागलं.

त्याच संध्याकाळी मी बोरिवली स्टेशनबाहेरच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतली. वय अठ्ठेचाळीस. ठरवलं की रोज एक शब्द, आणि तोही साधासुधा नाही. जो शब्द टीम लीडरलाही माहीत नसेल, असा.

शब्द फोनवरच्या अ‍ॅपमधून येत. सकाळी दात घासताना मी तो पाहायचो, वहीत लिहायचो, चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवायचो. नुसतं पाठ करून शब्द मुरत नाहीत, असं त्या अ‍ॅपचं म्हणणं होतं. म्हणून मी नियम केला की दिवसाचा शब्द रात्रीच्या जेवणाआधी तीनदा वापरायचाच. पुढचा सगळा घोळ या नियमाने झाला, आणि नियम माझाच असल्यामुळे दोष ढकलायलाही कुणी नाही.

सॅल्युब्रियस म्हणजे आरोग्याला हितकर. तो शब्द रविवारी आला आणि त्या दिवशी आम्ही गोराईला गेलो होतो. फेरीबोटीतून उतरलो तर समोर बोंबील वाळत घातलेले. मी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, “हवा कशी सॅल्युब्रियस आहे.” बायकोने नाकाला पदर लावलेला होता. तो तसाच ठेवून ती म्हणाली, “दोनदा उरलंय ना अजून? आत्ताच बोलून टाक, म्हणजे घरी शांतता.”

अकरावीतली मुलगी इंग्रजी माध्यमाची. मला वाटलं होतं, बापाची प्रगती पाहून तिला भरून येईल. तिने माझी वही चाळली आणि म्हणाली, “बाबा, हे असं कुणी बोलत नाही. आमच्या प्रिन्सिपलपण नाही.” मी मनात म्हटलं, म्हणूनच तर. भाजीवाल्याच्या भेंडीला मी फ्लॅसिड म्हणालो, म्हणजे लिबलिबीत. त्याने ते कौतुक समजून दोन भेंड्या जास्त टाकल्या. डॉक्टरांना माझी सर्दी पेरेनियल, म्हणजे बारमाही, आहे असं सांगितलं आणि त्यांनी हसत हसत मराठीत विचारलं, “म्हणजे केव्हापासून?” ऑफिसात मात्र मी तोंड उघडत नव्हतो. जिच्यासाठी हा खटाटोप मांडला होता, तिच्यापुढे माझी दातखीळ बसायची. माझी सगळी मर्दुमकी भाजीवाल्यापुढे आणि बिल्डिंगमध्ये.

आमची बिल्डिंग चार मजली आहे, जुनी, लिफ्ट नसलेली. अशा बिल्डिंगमध्ये एक माणूस ‘लिहिणारा’ असतो. कुणाला बँकेला पत्र द्यायचंय, कुणाला शाळेत अर्ज करायचाय, तर त्याच्याकडे जायचं. आमचा जुना लिहिणारा वारला होता आणि जागा रिकामी होती. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिल्या आणि मी त्या जागेवर आपोआप बसलो. लोक माझ्याकडून पत्र लिहून घेत, वाचत, एक शब्दही न कळल्यामुळे खूश होत आणि म्हणत, “झकास. आता बघू कसं काम करत नाहीत ते.” कामं होत होती की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

त्यातच आईचा प्रश्न उभा राहिला. आधीच्या हिवाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. त्यातून ती चांगली सावरली. बोलणं परत आलं, पाय चालू लागला, फक्त उजव्या हाताची पकड गेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या जिन्याला रेलिंग एकाच बाजूला आहे. चढताना ते डाव्या हाताला येतं आणि उतरताना उजव्या. म्हणजे आई चढू शकत होती, पण उतरू शकत नव्हती. आणि जो उतरूच शकत नाही त्याला चढण्याची वेळ कुठून येणार?

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं की रेलिंग डाव्या हाताने धरून उलटं उतरायचं, पाठमोरं. आई चार पायऱ्या तशी उतरली, तिला गरगरलं आणि ती वर येऊन बसली. “उलट्या पायान चलूक मी काय भूत?” म्हणाली, आणि तो विषय तिने संपवला. डॉक्टरकडे न्यायचं तर मी आणि वॉचमन तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणायचो. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी दार उघडून बघायचं. आई डोळे मिटून घ्यायची. डॉक्टरखेरीज दुसऱ्या कशासाठीही ती त्या खुर्चीत बसायला तयार नव्हती.

तिला खाली जायचं होतं ते गेटजवळच्या बाकावर. तिथे ती आणि तळमजल्यावरच्या काकू गेली तीस वर्षं रोज संध्याकाळी बसायच्या. आई मालवणची, काकू साताऱ्याकडच्या. एकमेकींच्या बोलण्याला नावं ठेवत, भाजी निवडत, सगळ्या बिल्डिंगचा निकाल लावत त्या दिवेलागणीपर्यंत बसून असत. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. त्यांना तीन जिने चढणं शक्य नव्हतं आणि आईला उतरणं. मग आई खिडकीत आणि काकू खाली बाकाजवळ, असं सुरू झालं. काकू मान वर करून ओरडायच्या, “जेवलीस का?” आई वरून ओरडायची, “जेवलंय गो.” दोनचार वाक्यांत काकूंची मान दुखायची आणि आईला धाप लागायची. “सगळा काय खिडकीतसून बोलाचा नसता,” आई मला म्हणायची. “माका तिच्या बाजूक बसाचा आसा.”

उपाय अगदी सोपा होता. जिन्यात भिंतीच्या बाजूने एक पाइप बसवायचा, की उतरताना डावा हात धरायला मोकळा. खर्च आम्हीच करणार होतो. जिना सगळ्यांचा म्हणून कमिटीची परवानगी तेवढी हवी होती. सोसायटीचा सेक्रेटरी माझा मित्र, आम्ही एकाच वर्षी इथे राहायला आलो, त्याची आणि माझी शाळा एकाच माध्यमाची. बायको म्हणाली, “जिन्यात भेटतील तेव्हा सांगून टाक ना.”

जिन्यात? मी बिल्डिंगचा लिहिणारा, आणि माझ्या स्वतःच्या आईचं काम मी जिन्यात सांगू? मी म्हणालो, रीतसर पत्र देतो. वहीत तेव्हा दोनशेच्या आसपास शब्द साचले होते, आणि त्यांना असा प्रसंग पुन्हा कधी मिळाला असता?

पत्राला नऊ दिवस लागले. बायकोने दोनदा विचारलं, “झालं का?” मी म्हटलं, घाईत लिहून चालत नाही. आईच्या हाताची कथा मी हेमिप्लेजिक सेक्वेली, म्हणजे अर्धांगवायूने मागे ठेवलेली दुखणी, अशा शब्दांत सांगितली. तिच्या निकडीला एक्झिजन्सी म्हटलं, माझ्या मातृप्रेमाला फिलिअल. रेलिंग हा शब्द वॉचमनलाही कळतो म्हणून तो टाळला आणि बॅल्युस्ट्रेड लिहिलं. डाव्या बाजूचं म्हणून सिनिस्ट्रल बॅल्युस्ट्रेड. पत्र संपलं त्या दिवशीचा शब्द होता रिकोर्स, म्हणजे दाद मागण्याचा मार्ग, आणि तो एकदाच वापरून झाला होता. नियम तीनदाचा. म्हणून शेवटी दोन वाक्यं वाढवली. वेळेत प्रतिसाद न मिळाल्यास कुठला रिकोर्स घ्यायचा ते मी ठरवेन आणि कोणत्याही रिकोर्सचा माझा हक्क राखून ठेवतो, अशा अर्थाची. ती मला इतकी आवडली की मी आरशासमोर उभा राहून वाचून पाहिली.

कमिटीच्या मीटिंगला मी मुद्दाम हजर राहिलो. सेक्रेटरीने पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. तिसऱ्या ओळीत त्याला खोकला लागला. त्याने ते चेअरमनकाकांकडे दिलं. त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, चष्मा पुसला आणि खजिनदाराकडे सरकवलं. दोन पानं टेबलाभोवती पूर्ण फिरली. माना हलत होत्या. चेअरमनकाका म्हणाले, “लिहिलंय मात्र भारी.” मी विनयाने खाली पाहिलं. इतिवृत्तात लिहिलं गेलं: सदर पत्राची नोंद घेण्यात आली.

घरी येऊन मी आईला सांगितलं, “झालं तुझं काम.” तिने विचारलं, “कधी लावतले?” मी म्हटलं, “आता प्रोसेस असते ना.” ती हसली. त्या संध्याकाळी तिने खिडकीतून काकूंना ओरडून सांगितलं की माझ्या झिलाने, म्हणजे लेकाने, इंग्लिशमधून कागद केलाय, आता येतेच मी खाली.

महिना गेला. काही नाही. मी स्मरणपत्र दिलं, आधीच्याहून कडक. त्यात डायलेटरी वापरला, म्हणजे वेळकाढू, आणि ऑब्ड्युरेट, म्हणजे दगडाच्या काळजाचा. नोंद घेण्यात आली. दुसऱ्या महिन्यात दुसरं स्मरणपत्र. नोंद घेण्यात आली. सेक्रेटरी जिन्यात भेटला की घाईत असल्यासारखा निघून जायला लागला, मग मीही त्याच्याकडे बघणं बंद केलं. घरी मी जेवताना कमिटीचा उद्धार करायचो. एका म्हाताऱ्या बाईसाठी यांना एक पाइप लावता येत नाही, माणुसकीची पार वाट लागली आहे, वगैरे. बायको म्हणायची, “एकदा तोंडाने विचार तरी.” मी म्हणायचो, आता तत्त्वाचा प्रश्न आहे. आई फक्त दर दोन दिवसांनी विचारायची, “कागदाचा काय झाला रे?”

पाचव्या महिन्यात काकूंच्या लेकीने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार अशी बोलणी वर्षभर सुरू होती. तेव्हा भाड्याच्या घरात सामान हलवत बसण्यापेक्षा काकूंनी आत्ताच आपल्याकडे यावं, असं लेकीचं म्हणणं. सगळं आठ दिवसांत उरकलं. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी वर यायचा प्रयत्न केला. त्या पहिल्या मजल्यापर्यंत आल्या आणि जिन्यातच बसल्या. वर मी आईला म्हटलं, “खुर्चीतून नेतो तुला, चल.” ती कधी नव्हे ते तयार झाली. पण वॉचमन जेवायला गेला होता, मी त्याला शोधून आणेपर्यंत काकूंना लेक हात धरून खाली घेऊन गेली होती, आणि तिथे सामानवाले आले होते. आई म्हणाली, “ऱ्हवांदे.” दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली तेव्हा आईने खिडकीतून डावा हात हलवला. काकूंनी गाडीतून वर पाहिलं की नाही, ते तिसऱ्या मजल्यावरून कळलं नाही.

त्यानंतर दहाएक दिवसांनी माझ्या बायकोने सेक्रेटरीला जिन्यात गाठलं आणि सरळ विचारलं, “भाऊजी, आईंसाठी भिंतीला पाइप लावायला तुमची हरकत नक्की काय आहे?”

तो म्हणाला, “कसला पाइप?”

अर्ध्या तासात तो आमच्या घरी फाइल घेऊन आला. फाइलवर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: रिडेव्हलपमेंट – सभासदांचे आक्षेप. आत माझी तीन पत्रं. शेवटच्या दोन वाक्यांतला ‘राइट’ एवढा शब्द कळला आणि त्यावरून चेअरमनकाकांनी ताडलं होतं की हा माणूस कोर्टात जाणार. एवढं जड इंग्रजी बिल्डिंगमध्ये कोण कशाला लिहील, बिल्डरला अडवायचं असल्याशिवाय? त्यांनी पत्र वकिलाला दाखवलं. वकिलानेही दोन्ही पानं वाचून मान हलवली आणि सल्ला दिला की लेखी उत्तर अजिबात देऊ नका, तोंडीही विषय काढू नका, नुसती नोंद घ्या.

मी पहिलं पत्र उघडलं. कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले होते. तिसऱ्या ओळीपर्यंत. त्यापुढे कागद कोरा होता.

“हे कुणी लिहिलं?” मी विचारलं.

“मी,” तो म्हणाला. “पोरीची डिक्शनरी घेऊन बसलो होतो. मग कंटाळलो.”

“मग मला विचारायचं ना रे अर्थ.”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. “सगळ्यांना कळलंय असं वाटलं. मला एकट्यालाच येत नाही म्हणून कसं सांगू? आणि तुला कसं विचारू? तू आणि मी एकाच शाळेतले असल्यासारखे. लाज वाटली यार.” मग म्हणाला, “तू जिन्यात सांगितलं असतंस ना, दुसऱ्या दिवशी माणूस आणला असता.”

बायको आत चहा टाकायला गेली. तिने “मी सांगत होते” असं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. मला त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला की मी फाइल बंद करून टीपॉयवर ठेवली आणि ती सरळ आहे की नाही हेच बघत बसलो.

पाइप बसवायला कांदिवलीहून एक फॅब्रिकेटर आणि त्याचा जोडीदार आले. सकाळी नऊला आले आणि दुपारच्या जेवणाला घरी गेले. भिंतीत भोकं पाडणं, क्लॅम्प ठोकणं, पाइप अडकवणं, संपलं काम. साडेपाच महिने ज्याची वाट पाहिली ते सगळं एका सकाळीत बसलं. सेक्रेटरी स्वतः उभा राहून प्रत्येक क्लॅम्प हलवून बघत होता.

संध्याकाळी आई उतरली. डाव्या हाताने पाइप घट्ट धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी एक पायरी पुढे होतो, पण तिने मला हात लावू दिला नाही. तळमजल्यावर काकूंच्या दाराला कुलूप होतं. ती तिथे थांबली नाही. चालत बाकापर्यंत गेली आणि आपल्या नेहमीच्या कडेला बसली.

मी समोर उभा राहिलो. ती म्हणाली, “त्या कागदात काय लिवलेलं तू?”

मी म्हणालो, “आईला खाली उतरायला भिंतीला पाइप लावा.”

“इतक्याच?”

“इतकंच.”

“मगे पाच म्हयने कित्या लागले?”

कमिटी, वकील, बिल्डर, सगळे तोंडापर्यंत आले होते. मी म्हटलं, “माझ्यामुळे.”

बाकावरची दुसरी जागा तिने डाव्या हाताने झटकली. मला वाटलं, मला बसायला सांगते आहे, म्हणून मी बसलो. गेटमधून माणसं येत होती, तिला पाहून थांबत होती, चौकशी करत होती. ती सगळ्यांना हसून उत्तर देत होती.

दिवेलागणीला ती म्हणाली, “तिका एक सांगाचा होता.”

“मला सांग ना,” मी म्हटलं.

“तुका नाय सांगण्यासारखा.”

“मग फोन लावतो त्यांना. आत्ता लावतो.”

“फोनार लेक आसता बाजूक,” आई म्हणाली. “ता बाजूक बसानच सांगाचा होता.”

ते काय होतं, हे तिने मला अजून सांगितलेलं नाही.